‘करवियलें’चा कर्ता : वाडा, शिल्प आणि काच

काही वर्षांपूर्वी पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही चांदवडला गेलो होतो. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर गेले की चांदवड लागते. ‘चांदवडी रुपया’ हा शब्दप्रयोग ज्यांनी जुन्या कागदपत्रांत वाचला असेल त्यांना गावाचे नाव परके वाटणार नाही. होळकरांचा अठराव्या शतकातला वाडा येथे आहे. लोक त्याला रंगमहाल म्हणतात आणि अहिल्याबाईंच्या नावाशी तो जोडतात. सागवानी खांब, कोरीव तुळया आणि भिंतींवर रंगवलेले पौराणिक प्रसंग असे त्याचे रूप आहे. चित्रे पाहता पाहता एका विद्यार्थिनीने सहज विचारले, “सर, ही कुणी काढली?” मी तितक्याच सहजपणे उत्तर दिले, “होळकरांनी.” ती हसली. म्हणाली, “म्हणजे होळकरांनी काढून घेतली. काढली कुणी?”

उत्तर मला देता आले नाही. परंतु परतीच्या वाटेवर जाणवले ते हे, की तिने इतिहासाचा प्रश्न विचारता विचारता व्याकरणाची चूक दुरुस्त केली होती. साधे क्रियापद आणि प्रयोजक क्रियापद यांतला भेद आपण वर्गात उदाहरणे देऊन शिकवतो आणि वर्गाबाहेर पडताच विसरतो. ‘शहाजहानने ताजमहाल बांधला’ हे वाक्य लिहिताना कुणाचाही हात अडखळत नाही.

या विसरण्यात एक गंमत आहे. मराठी भाषेच्या उगमाशी जे वाक्य आपण उभे करतो, ते नेमके प्रयोजक आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी असलेला लेख मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो : ‘श्रीचामुण्डराजें करवियलें, श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें.’ हा लेख दहाव्या शतकाच्या अखेरचा की गंगराजाच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा, आणि आद्यत्वाचा मान त्याला द्यायचा की अक्षीच्या शिलालेखाला, हे वाद आपल्या परिचयाचे आहेत. ते येथे बाजूला ठेवू. मला लक्ष वेधायचे आहे ते क्रियापदाकडे. चामुंडराजाने मूर्ती ‘केली’ असे हा लेख म्हणत नाही. ‘करवियलें’, करवून घेतली, असे म्हणतो. शेजारच्या कन्नड आणि तमिळ ओळींतही क्रियापद प्रयोजकच आहे. म्हणजे तीन भाषांनी एकाच पायथ्याशी एकच गोष्ट काटेकोरपणे नोंदवली आहे : हे शिल्प कुणाच्या तरी सांगण्यावरून झाले, आणि सांगणारा हा होता. आपल्या भाषेचे ते प्रसिद्ध वाक्य म्हणजे शिल्प सांगून घडवून घेतल्याची पावती आहे. पावतीवर सांगणाऱ्याचे नाव आहे, घडवणाऱ्याचे नाही.

संस्कृत व्याकरणपरंपरेने या व्यवहाराची फार सूक्ष्म मांडणी केली आहे. करवून घेणाऱ्याला ती प्रयोजक कर्ता म्हणते, प्रत्यक्ष करणाऱ्याला प्रयोज्य कर्ता. पाणिनीने प्रयोजकाला ‘हेतु’ अशीही संज्ञा दिली आहे. व्याकरणाच्या दृष्टीने कर्ते दोन आहेत आणि दोघेही खरे आहेत. परंतु वाक्यरचनेची एक सोय अशी की प्रयोज्य कर्ता गाळला तरी वाक्य पुरे होते. ‘त्याने घर बांधवले’ या वाक्यात गवंड्याचा उल्लेख नाही, आणि कुणाला तो खटकतही नाही. व्याकरणाने दिलेल्या या सवलतीचा इतिहासाने भरपूर लाभ घेतला, असे म्हणावेसे वाटते.

याचा पुरावा पाहण्यासाठी नाशिककरांना श्रवणबेळगोळपर्यंत जायचीही गरज नाही. पांडवलेण्यांतील एकोणिसाव्या लेण्यातला लेख सातवाहन राजा कण्ह याच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वीचा. नाशिकच्या एका श्रमण महामात्राने हे लेणे करविले, असे तो सांगतो : ‘नासिककेन समणेन महामातेण लेण कारित.’ गावाचे नाव आणि ‘कारित’ हे प्रयोजक रूप एकाच ओळीत आले आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात पुन्हा तेच रूप वापरतो : ‘इदं लेणं कारितं.’ त्याच लेण्यातल्या आणखी एका लेखात त्याने भिक्षूंसाठी ठेवलेल्या ३००० कार्षापणांचा हिशेब आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० आणि दुसरीकडे १०००, व्याजाचे दर अनुक्रमे दरमहा शेकडा एक आणि पाऊण. इतका नेमका हिशेब ठेवणाऱ्या माणसाने छिन्नी चालवणाऱ्यांपैकी एकाचेही नाव लिहिले नाही. विणकरांची श्रेणी नोंदवली गेली, कारण तिच्याकडे पैसा ठेवला होता.

मात्र चित्र सर्वस्वी एकरंगी नाही. नाशिकच्या पूर्वेला, कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक यक्षमूर्ती सापडली. डोक्यावर पात्र धरलेला, ठेंगणा, गालांत हसणारा हा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या मूर्तीवर लिहिले आहे : ‘कन्हदासेन हिरंणकारेन कता.’ कन्हदास सोनाराने केली. येथे ‘कारिता’ नाही, ‘कता’ आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी असेच ‘कतं’ लिहून ठेवले आहे. दगडात काम करणारा कन्हदास स्वतःला सोनार म्हणवतो, हेही विचार करण्याजोगे आहे. एका माध्यमातले कौशल्य दुसऱ्या माध्यमात नेणारा हा माणूस आपल्या प्रदेशातला, नावानिशी ठाऊक असलेला एक फार जुना शिल्पकार. ‘कारित’ आणि ‘कत’ ही दोन रूपे महाराष्ट्राच्या कलेतिहासात दोन हजार वर्षांपासून शेजारी शेजारी उभी आहेत. एकाचे लेख विपुल, दुसऱ्याचे विरळ.

इंग्रजीत ज्याला ‘कमिशन’ म्हणतात त्याला मराठीत नाम नाही, ही तक्रार कलासमीक्षेत लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी केली असेल. ‘आश्रय’ म्हटले की उपकाराचा वास येतो. ‘मागणी’ म्हटले की बाजार उभा राहतो. दलालीच्या अर्थाने ‘कमिशन’ हा शब्द तर आपण केव्हाच खर्ची घातला आहे. परंतु नाम नसले तरी क्रियापद आहे, आणि ते नामापेक्षा प्रामाणिक आहे. ‘करवणे’ म्हटले की दोन माणसे गृहीत धरावीच लागतात. शिल्पाच्या बाबतीत त्यांच्यात एक तिसरा घटक येतो : जागा. एखाद्या जुन्या घरासाठी नवे शिल्प सांगताना घराचेही काही म्हणणे असते. त्याचा उजेड, त्याची उंची, तेथे राहून गेलेल्यांची स्मृती, या सर्वांना शिल्पकाराने उत्तर द्यायचे असते. हे तिघे जुळले तर काय होते आणि न जुळले तर काय होते, हे पाहण्यासाठी दोन मराठी राजघराण्यांची उदाहरणे पुरेशी आहेत. योगायोग असा की दोन्हींचे धागे नाशिक जिल्ह्यातून निघतात.

पहिला धागा मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा. तेथे १८६३ साली जन्मलेला गोपाळ हा शेतकरी कुटुंबातला मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्यांच्या कारकिर्दीत बांधून १८९० साली पुरा झालेला लक्ष्मीविलास राजवाडा म्हणजे ‘करवणे’ या क्रियापदाचे विश्वरूपदर्शनच. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. दरबार हॉलमध्ये व्हेनिसचे मोझेइक आणि बेल्जियमच्या रंगीत काचा. (याच मँट यांच्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात दरबार हॉलच्या काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. परदेशी माध्यमाला देशी विषय सांगितला की काय घडते, याचा तो नमुना.) शिल्पांसाठी महाराजांनी ऑगस्टो फेलिची या इटालियन शिल्पकाराला बोलावले. तो काही वर्षे बडोद्यात राहिला; ब्राँझ, संगमरवर आणि भाजलेली माती या तिन्हींत त्याने काम केले. चित्रांसाठी राजा रविवर्मा यांना चौदा पौराणिक विषय सांगण्यात आले.

रविवर्म्यांच्या त्या चौदा चित्रांची पुढची कथा सर्वज्ञात आहे. राजवाड्याच्या भिंतींवर जाण्याआधी ती लोकांना दाखवली गेली आणि पाहणाऱ्यांची रीघ लागली. १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा शिळाछाप छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ गेला, आणि पौराणिक स्त्रीपुरुषांचे रविवर्मी रूप घरोघरच्या देवघरात पोहोचले. एका घरासाठी सांगितलेले काम घराच्या भिंती ओलांडून समाजाचे झाले. सयाजीरावांच्याच आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन उभे राहिले. तेथे शिकलेल्यांत त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके होते. कवळाण्याच्या मुलाने काढलेल्या शाळेत त्र्यंबकचा मुलगा शिकला आणि पुढे नाशिकला परतून त्याने चित्रपटांचा कारखाना काढला. जो करवतो त्याच्यावर करणारे निर्माण करण्याचीही जबाबदारी असते, ही जाण येथे दिसते. अर्थात याच राजवाड्यासाठी दगड घडवणारे पाथरवट आणि रंधा मारणारे सुतार यांची नावे फेलिची आणि रविवर्म्यांच्या नावांइतकी आपल्या ओठांवर नाहीत. प्रयोज्य कर्त्यांतही श्रेणी असतातच.

दुसरा धागा चांदवडचा, म्हणजे होळकरांचा. रंगमहालाच्या भिंती रंगवल्या गेल्या त्यानंतर दीडएकशे वर्षांनी याच घराण्यातल्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी इंदूरला माणिकबाग नावाचा राजवाडा नव्याने सजवला. ऑक्सफर्डमध्ये ओळख झालेला एकार्ट मुथेसियस हा जर्मन वास्तुकार तेव्हा पंचविशीचा होता आणि महाराज त्याहूनही लहान. १९३० ते १९३३ या काळात या दोघांनी जे घर उभे केले त्यात कमान नाही, नक्षी नाही, हत्ती-मोर नाहीत. आहेत ते क्रोमचे नळकांडे, सपाट भिंती, अप्रत्यक्ष प्रकाश आणि काच. लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी येथील शयनगृहांसाठी काच आणि धातू यांचे पलंग घडवले. आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए, रूलमान यांच्या वस्तू आल्या. ज्या घराण्याच्या जुन्या वाड्यात सागवानाचा अंधार होता, त्याच घराण्याच्या नव्या घरात काचेचा उजेड आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

याच काळात हेन्री-पिएर रोशे या मित्राने महाराजांना पॅरिसमधल्या कॉन्स्टंटिन ब्रांकुशीच्या कार्यशाळेत नेले. ब्रांकुशीचा ‘अवकाशातील पक्षी’ तोवर जगभर गाजला होता, आणि गाजला होता तो कलेपेक्षा कज्ज्यामुळे. १९२६ साली त्याची एक ब्राँझ प्रत न्यूयॉर्क बंदरात उतरली तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी ‘हे शिल्प नव्हे’ असा निवाडा करून घरगुती धातुसामानावरचा ४० टक्के कर लावला. खटला झाला आणि १९२८ साली न्यायालयाने तो पक्षी कलाकृतीच असल्याचे मान्य केले. यशवंतरावांनी या पक्ष्याच्या तीन प्रती घेतल्या : एक लखलखीत ब्राँझची, एक काळ्या संगमरवराची, एक पांढऱ्या. आणि मग त्या तीन पक्ष्यांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधण्याचे ठरले.

या मंदिराची जी वर्णने शिल्लक आहेत ती वाचताना एखादी अपूर्ण राहिलेली कादंबरी वाचल्याची चुटपुट लागते. बाहेरून दार दिसू नये, भुयारी वाटेने आत यावे. आत चौकोनी जलाशय, त्याभोवती तीन पक्षी. आणि छतातल्या छिद्रातून ठरावीक वेळी सूर्यकिरण सोनेरी पक्ष्यावर पडावा. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात असलेले ब्रांकुशीचे ‘राजांचा राजा’ हे लाकडी शिल्पही या मंदिराच्या कल्पनेशी जोडले जाते. पाणी, प्रकाश आणि झळाळणारा पृष्ठभाग हीच या वास्तूची सामग्री होती.

१९३८ सालच्या आरंभी साठी ओलांडलेला ब्रांकुशी बोटीने हिंदुस्थानात आला आणि इंदूरला राहिला. पण त्याआधीच्या जुलैत महाराणी संयोगिताबाईंचे ऐन तारुण्यात निधन झाले होते. ज्या दोघांनी मिळून माणिकबागेचे स्वप्न पाहिले त्यांपैकी एक उरले नव्हते. काम सुरू झालेच नाही. ब्रांकुशी परत गेला, वर्षभराने महायुद्ध पेटले, आणि मंदिर कागदावरच राहिले.

त्याच वर्षी, १९३८च्या ऑक्टोबरमध्ये, ब्रांकुशीच्या रुमानिया देशात तिर्गु झिउ या लहानशा गावी त्याच्या शिल्पसमूहाचे उद्घाटन झाले. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ते काम सांगितले होते गावाकडच्या एका महिला मंडळाने. सुमारे तीस मीटर उंचीचा ‘अनंत स्तंभ’ आजही तेथे उभा आहे. एकाच शिल्पकाराकडे एकाच सुमारास आलेली ही दोन कामे. एकामागे संस्थानाचा खजिना आणि आधुनिक कलेची जाण असलेला रसिक राजा होता. दुसऱ्यामागे शोक करणारी एक वस्ती. उभे राहिले ते दुसरे. यावरून राजा अरसिक होता किंवा गाव थोर होते असा निष्कर्ष काढणे बालिशपणाचे ठरेल. इंदूरचे मंदिरही आता स्मारकच होऊ शकले असते, आणि कदाचित म्हणूनच ते झाले नाही. तिर्गु झिउच्या बायांचे दुःख वीस वर्षांचे जुने होते, त्याला आकार सोसणार होता. यशवंतरावांचे काही महिन्यांचे होते. सांगणाऱ्याला आपल्याला काय हवे आहे हे त्या क्षणी म्हणता आले नाही, आणि प्रयोजकाविना प्रयोज्य कर्ता निरुपाय झाला. आपण नेहमी ‘करवणाऱ्या’ने ‘करणाऱ्या’ला झाकल्याची तक्रार करतो. इंदूरची हकिगत त्याची दुसरी बाजू दाखवते : करवणारा मूक झाला तर करणारा कितीही थोर असो, त्याच्या हाती बोटीचे परतीचे तिकीटच उरते.

पुढचे सांगून टाकतो. काळा आणि पांढरा पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. आज ते कॅनबेऱ्यात आहेत. माणिकबागेतले सामान १९८० साली मॉन्टे कार्लो येथे लिलावात निघाले. आणि राजवाड्यात आले ते सीमाशुल्क व केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याचे कार्यालय. ज्या पक्ष्याला एका देशाच्या जकात नाक्याने भांडे ठरवले, त्याच्या भावंडांचे घर दुसऱ्या देशाच्या जकात खात्याकडे गेले. कथाकाराने असा शेवट योजला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

येथवर काच आली ती खिडक्यांची आणि पलंगांची. काचेचे ओतीव शिल्प ही निराळी वस्तू आहे आणि तिचा विचार मुद्दाम करायला हवा, कारण करवणे आणि करणे यांतला संबंध ती इतर कुठल्याही माध्यमापेक्षा उघडा पाडते.

फुंकून केलेली काच क्षणात आकार घेते. ओतीव काचेला धीर लागतो. पद्धत मात्र आपल्याला अपरिचित नाही. आधी मेणाची प्रतिमा, तिच्याभोवती साचा, मग मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत द्रव्य भरायचे. आपल्या परंपरेत यालाच मधूच्छिष्टविधान म्हणतात. चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या ‘मानसोल्लासा’त त्याचे वर्णन आहे. मराठीचे अभ्यासक हा बाराव्या शतकातला ग्रंथ उघडतात तो त्यातल्या जुन्या मराठी पदांसाठी. मेण आधी तोलून त्याच्या पटीत धातू घ्यावा, हे सांगणारा भाग बहुधा ओलांडून जातात. धातूच्या जागी काच आली की फरक पडतो तो थंड होण्यात. साच्यातले काचेचे तुकडे आठशे अंशांच्या वर तापवून वितळवायचे आणि नंतर भट्टीतच अगदी सावकाश निववायचे. जाडी जितकी अधिक तितके दिवस अधिक. मोठ्या शिल्पाला आठवडेच्या आठवडे लागतात. घाई केली तर आतला ताण तसाच राहतो आणि आज अखंड दिसणारे शिल्प पुढे कधीतरी आपोआप तडकते. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची आरशाची काच कॉर्निंगच्या कारखान्याने १९३४ सालच्या मार्चमध्ये ओतली तेव्हा साच्याचे काही भाग सुटून वर तरंगले. डिसेंबरमध्ये ती पुन्हा ओतावी लागली आणि मग सुमारे दहा महिने ती निवत राहिली.

मराठी मुलखात काच आली ती बहुतेक गरजेची म्हणून. १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. स्वदेशीच्या त्या काळात काचेने शिल्प व्हावे अशी अपेक्षा कुणी केली नाही, आणि ते योग्यच होते. आधी उजेड हवा होता. तरीही भाषेने एक दुवा जपून ठेवला आहे. ‘कासार’ हा शब्द ‘कांस्यकार’पासून आला, म्हणजे मुळात काशाचे काम करणारा. आणि आपल्याकडे बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरतो तोही कासारच. ओतीव धातू आणि काच या दोन गोष्टी मराठीने एकाच माणसाच्या हाती दिल्या आहेत. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या नाशिकला हा दुवा अधिक जवळचा वाटायला हवा.

ओतीव काचेला शिल्पाची प्रतिष्ठा मिळवून देण्यात चेक दांपत्य स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोव्हा यांचा वाटा मोठा आहे. १९५०च्या दशकात त्यांनी एकत्र काम सुरू केले. तो रेखाटन करी, ती त्या रेखाटनाचे त्रिमित रूप घडवी, आणि काम पुरे झाल्यावर नावे दोघांची लागत. हॉर्शोव्स्की तिन येथील जुन्या गढीच्या गॉथिक प्रार्थनागृहासाठी त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ओतीव काचेच्या खिडक्या केल्या. मध्ययुगीन दगडी चौकट तशीच ठेवायची आणि तिच्यात आजच्या काळाची काच बसवायची, असे ते काम होते. जुन्याची नक्कल करायची नाही आणि जुन्यावर कुरघोडीही करायची नाही. काचेला हे जमते, कारण तिला स्वतःचा असा उजेड नसतो. ज्या घरात ती ठेवाल त्या घराचा उजेड ती आत घेते आणि तिच्या जाडीनुसार तो कुठे गडद, कुठे फिका करते. दगडाचे शिल्प सकाळी आणि संध्याकाळी जवळजवळ तेच असते, काचेचे नसते. घर या तिसऱ्या घटकाला एवढा वाव दुसरे कुठलेही माध्यम देत नाही.

मग चांदवडच्या रंगमहालासारख्या, किंवा गोदाकाठच्या एखाद्या अजून उभ्या असलेल्या वाड्यासाठी, असे एखादे ओतीव काचेचे शिल्प कुणी करवले तर? प्रश्न काल्पनिक आहे. पण तो विचारण्यात स्वार्थ आहे. वाडे जपायचे म्हणजे त्यांना चुना लावून, दोरी बांधून, फलक ठोकून थांबवायचे, एवढाच अर्थ आपल्याला ठाऊक आहे. अठराव्या शतकात रंगमहालाच्या भिंतीवर ताजा ओला रंग होता. तो तेव्हाचा वर्तमान होता, आणि तो कुणीतरी कुणाकडून तरी करवला होता. वाड्याचे वाडेपण त्या करवण्यात होते. आज तेथे काही नवे करवायचे तर आधी बरेच काही शिकावे लागेल. बडोद्याकडून हे शिकावे की करवणाऱ्याने करणारे घडवावेत आणि काम भिंतींबाहेर जाऊ द्यावे. इंदूरकडून हे की काय हवे ते म्हणता येईपर्यंत शिल्पकाराला बोटीत बसवू नये. काचेकडून हे की निवण्याला लागेल तेवढा वेळ द्यावा; उद्घाटनाची तारीख भट्टी ठरवते, पाहुणे नव्हे. आणि पितळखोऱ्याच्या कन्हदासाकडून हे, की शेवटी नाव लिहावे.

नावाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. हा प्रश्न केवळ न्यायाचा असता तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या अन्यायावर आज हळहळून काही साधले नसते. पण ज्या लेखनव्यवहारात ‘करवणे’ तेवढे नोंदले जाते आणि ‘करणे’ गाळले जाते, त्यात हळूहळू करण्याची विद्याच गाळली जाते. मधूच्छिष्टविधानाचे श्लोक आपल्याकडे राहिले. ते वाचून साचा भरणारे हात कुठल्या गल्लीत आहेत हे मराठी विभागाला माहीत नसते. ही गाळणी आपल्या वर्गातही आहे. श्रवणबेळगोळचा लेख शिकवताना आपण ‘करवियलें’मधल्या प्रत्ययाची फोड करतो, कालनिश्चितीचे वाद सांगतो, आणि त्या ५७ फुटी दगडाशी झुंजलेल्या माणसांबद्दल एक वाक्यही बोलत नाही. मी गेली वीस वर्षे तो लेख असाच शिकवला आहे.

यंदा निराळे करून पाहिले. फळ्यावर ते प्रसिद्ध वाक्य लिहिले आणि विद्यार्थ्यांना म्हटले, याचा प्रयोज्य कर्ता घालून वाक्य पुन्हा लिहा. वर्गात शांतता पसरली. मग कुणी लिहिले ‘पाथरवटांकडून’, कुणी ‘शिल्पींकरवीं’. एकाने नुसती रेघ ओढून जागा मोकळी सोडली. तीन उत्तरांपैकी मला ती रेघ सर्वांत बरोबर वाटली. चांदवडच्या त्या मुलीला मी जे उत्तर द्यायला हवे होते ते तेवढेच होते : होळकरांनी करवली, केली कुणी ती जागा अजून रिकामी आहे.